इमारत बांधतो एक, बिल भरतो दुसरा

कापडाचा व्यापारी खिडकीकडे पाहतो तेव्हा त्याला आधी पडदा दिसतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका नव्या ऑफिस इमारतीतून पडद्याच्या कापडाची मोठी ऑर्डर आली, तेव्हा माप घ्यायला मी स्वतः गेलो होतो. इमारत खालपासून वरपर्यंत काचेची. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत सगळे दिवे चालू! काचेतून येणारे ऊन आणि चकाकी सहन होईना, म्हणून लोकांनी काचांना पुठ्ठे आणि वर्तमानपत्रे चिकटवली होती. त्यामुळे अंधार झाला, म्हणून दिवे लावले. दिव्यांची आणि उन्हाची उष्णता मिळून खोली तापली, म्हणून एअरकंडिशनर पूर्ण जोराने चालवले. आता या सगळ्यावर उपाय म्हणून जाड अस्तराचे पडदे हवे होते. ऑर्डर चांगली होती, पैसेही वेळेवर मिळाले. पण परत येताना डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. इतका महागडा काचेचा दर्शनी भाग लावला कोणी, आणि त्याचा भुर्दंड भरतो कोण?

उत्तर सोपे आहे. काच लावली बिल्डरने. गाळे विकून तो मोकळा झाला. बिल भरतो तो भाडेकरू, आणि नकाशा मंजूर झाला त्या दिवशी या भाडेकरूला कोणी विचारलेही नव्हते.

व्यापारी बंधूंनो, हा प्रश्न फक्त मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही. आपली मुले शिकली. जुन्या मार्केटमधल्या गादीवरून उठून ती नव्या व्यापारी संकुलात ऑफिस घेत आहेत. डिपॉझिट देताना, भाडे ठरवताना आपण चौरस फुटाचा भाव रुपयापर्यंत घासतो. पण विजेचे बिल किती येईल, हा प्रश्न तोंडातून निघत नाही. म्हणून इमारतींच्या विजेसंबंधी सरकारने जे नियम केले आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध आहे ते आज पाहू.

नियम काय आहे?

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला आणि 1 मार्च 2002 रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. फ्रिज आणि एअरकंडिशनरवर जे तारे दिसतात ते याच ब्युरोचे. 2007 साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. तिची सुधारित आवृत्ती 2017 साली निघाली. ज्या इमारतीचा जोडलेला भार 100 किलोवॅट किंवा करारातील मागणी 120 केव्हीए अथवा त्याहून अधिक, अशा व्यापारी इमारतींसाठी ही संहिता आहे. 2017 च्या संहितेने तीन पायऱ्या ठरवल्या. नेहमीच्या इमारतीपेक्षा 25 टक्के वीज वाचली तर पहिली पायरी, 35 टक्के वाचली तर दुसरी आणि 50 टक्के वाचली तर तिसरी.

2022 साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली. 1 जानेवारी 2023 पासून ती अमलात आहे. या दुरुस्तीने राज्य सरकारांना भाराची मर्यादा 100 किलोवॅटच्या खाली आणण्याचा अधिकार दिला. म्हणजे आज जो नियम मोठ्या टॉवरला लागतो, तो उद्या आपल्या चार मजली संकुलालाही लागू शकतो. 2024 साली ब्युरोने नवी संहिता काढली आणि तिच्यात विजेबरोबर पाणी, कचरा अशा गोष्टीही घेतल्या.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिल्लीत संहिता छापली म्हणून गावोगावच्या इमारती बदलत नाहीत. राज्याने ती आपल्या नियमांत आणावी लागते आणि महापालिकेने बांधकाम परवानगी देताना तपासावी लागते. मधली ही कडी कच्ची राहिली, तर संहिता कपाटातच राहते.

पडदे विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट

आता या संहितेत लिहिले आहे काय, ते आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगतो.

समजा, पश्चिमेकडच्या भिंतीत दहा चौरस मीटर साधी काच आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी त्या बाजूला चौरस मीटरमागे सुमारे 600 वॅट ऊन पडते असे धरू. साध्या काचेतून त्यातले जवळजवळ 80 टक्के आत येते. म्हणजे 4,800 वॅट उष्णता. एक टनाचा एअरकंडिशनर साधारण 3,500 वॅट उष्णता बाहेर फेकतो. हिशोब करा. माणसे, दिवे, संगणक बाजूला ठेवले तरी फक्त त्या काचेसाठी दीड टनाचा एअरकंडिशनर लागला!

2017 ची संहिता, मुंबईसारख्या उष्ण आणि दमट हवामानात, उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेतून 27 टक्क्यांहून अधिक उष्णता आत येऊ देत नाही. तीच दहा चौरस मीटर काच अशी असेल, तर आत येते 1,620 वॅट. अर्ध्या टनापेक्षाही कमी. शिवाय संहितेची सरळ वाट धरायची असेल, तर भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात काच 40 टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. आणि काच नुसती काळी करूनही चालत नाही, कारण उजेड किती आत आला पाहिजे याचीही किमान मर्यादा घातलेली आहे.

लोक म्हणतील, मग पडदे कशाला असतात? मी पडद्याचे कापड विकतो, तरी खरे ते सांगितले पाहिजे. आतला पडदा डोळ्यांची चकाकी थांबवतो, पण ऊन काच ओलांडून आत आले की त्याची बरीच उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेर अडवावे लागते. छज्जा, ओसरी, जाळी, लाकडी झडपा, ही कामे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होती. बॅलार्ड इस्टेट आणि फोर्टमधल्या जुन्या इमारती पाहा. जाड भिंती, उंच छत, आत ओढून घेतलेल्या खिडक्या. आजची संहिताही खिडकीवर योग्य मापाचा छज्जा असेल तर काचेच्या नियमात सूट देते.

उत्तरेच्या खिडकीची गोष्ट तर कापडवाल्याला वेगळी सांगायला नको. रंगाची छटा जुळवायची असेल तर ताका उत्तरेच्या उजेडात उघडावा, हे आपल्याकडे नव्या पोरालाही शिकवतात. कारण तिकडचा उजेड सारखा राहतो आणि ऊन थेट येत नाही. संहितेनेही हेच ओळखले आहे. आपल्या अक्षांशावर उत्तरेच्या काचेला तिने 50 टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे.

छताचेही तसेच. सपाट छत उन्हाचा निदान 60 टक्के भाग परत फेकेल असे असावे, असे संहिता सांगते. पांढरा चुना किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, हे आपल्याकडचे जुनेच काम. वरच्या मजल्यावर गाळा असलेल्याला विचारा, तापलेल्या स्लॅबखाली मे महिना कसा जातो.

दिव्यांसाठी 2007 साली ऑफिसात चौरस मीटरमागे 10.8 वॅटची मर्यादा होती. 2017 साली ती 9.5 वॅट झाली. हजार चौरस फुटांच्या ऑफिसला हे साधारण 880 वॅट होतात. जुन्या 40 वॅटच्या ट्यूबलाइट चोकसकट 55 वॅट खातात असे धरले, तर 16 ट्यूबमध्ये मर्यादा संपते. आजच्या 20 वॅटच्या एलईडी ट्यूब वीस लावल्या तरी 400 वॅटच होतात. म्हणजे हा नियम पाळणे आज कोणालाही अवघड नाही.

रुपयांत किती?

2009 साली ब्युरोने ऑफिस इमारतींना तारे देण्याची ऐच्छिक योजना सुरू केली. वर्षभरात चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागते, त्यावर तारे ठरतात. त्या योजनेनुसार उष्ण आणि दमट भागात, निम्म्याहून जास्त जागा वातानुकूलित असलेल्या इमारतीने 200 ते 175 युनिट वापरले तर एक तारा मिळे आणि 100 पेक्षा कमी वापरले तर पाच तारे.

हजार चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. 200 युनिटांच्या दराने वर्षाला 18,600 युनिट. 100 च्या दराने 9,300. फरक 9,300 युनिटांचा. युनिटला 12 रुपये धरा. वर्षाला 1,11,600 रुपये, म्हणजे महिन्याला 9,300 रुपये. लहान व्यापाऱ्याच्या घरात हा एका कारागिराच्या पगाराचा मोठा हिस्सा झाला. आणि ही रक्कम एकदा भरून सुटका नाही. भाडेकरार असेपर्यंत दर महिन्याला ती जात राहते.

आता चांगली काच, छज्जे, छताचे काम आणि चांगली यंत्रे यांसाठी चौरस फुटामागे 300 रुपये जास्त लागले असे धरू. हजार फुटांना तीन लाख. वर्षाला 1,11,600 वाचले तर पावणेतीन वर्षांत भांडवल वसूल होते. इमारत पन्नास वर्षे उभी राहते. असा सौदा कोणता व्यापारी सोडेल? पण तो सोडला जातो, कारण तीन लाख ज्याच्या खिशातून जायचे आणि 1,11,600 ज्याच्या खिशात राहायचे ते दोघे वेगळे आहेत. ही गाठ बाजार आपोआप सोडवत नाही. म्हणून नियम हवा, आणि तो बांधणाऱ्यावर हवा.

आपल्या लोकांचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की बिल्डर हा खर्च आपल्याच माथी मारणार. मारील. पण भावात एकदा दिलेले पैसे मोजता येतात आणि घासताही येतात. बिलात दर महिन्याला जाणारे पैसे ना मोजले जातात, ना त्यावर घासाघीस होते. लपलेला खर्च उघड होतो, हाच लहान माणसाचा फायदा.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक नियम म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक फाइल, आणखी एक हात ओला करणे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपण सगळ्यांनी हे भोगले आहे. पण त्यावर उपाय नियम रद्द करणे हा नाही, तर तपासणी सोपी आणि उघडी करणे हा आहे. काचेचा आकडा, छताचा आकडा, दिव्यांचे वॅट, एअरकंडिशनरचे तारे, या चार-पाच गोष्टी एका पाटीवर लिहून इमारतीच्या दारात लावणे सक्तीचे करा. मग गिऱ्हाईकच इन्स्पेक्टर होईल. कापडाच्या ताक्यावर पन्हा आणि सुताचा नंबर छापतात, तो का? गिऱ्हाइकाला ताका न उलगडता माल कळावा म्हणून. इमारतीला हा नियम का नसावा?

तिसरा आक्षेप सर्वात खरा आहे. हे सगळे नव्या इमारतींसाठी, मग आमच्या जुन्या मार्केटांचे काय? पागडीच्या इमारतीत मालकाला भाडे नाममात्र मिळते, म्हणून तो छतावर पैसा घालत नाही. भाडेकरू म्हणतो, छत मालकाचे, मी का खर्च करू? दोघांच्या भांडणात स्लॅब तापतच राहतो. यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही.

इतर देशांनी जुन्या इमारतींनाही हात घातला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये इमारतींना ए पासून जी पर्यंत दर्जा देतात. 1 एप्रिल 2018 पासून ई पेक्षा खालच्या दर्जाची व्यापारी जागा नव्याने भाड्याने देण्यास बंदी आली आणि 1 एप्रिल 2023 पासून चालू भाडेकरारांनाही हा नियम लागला. जबाबदारी मालकाची. पण त्यात शहाणपणाची एक सवलत ठेवली आहे. एखाद्या सुधारणेचा खर्च वीज-इंधनाच्या बचतीतून सात वर्षांत वसूल होत नसेल, तर त्या सुधारणेची सक्ती नाही. नेदरलँड्सने 1 जानेवारी 2023 पासून 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या ऑफिसला किमान सी दर्जा सक्तीचा केला. तो नसेल तर, काही अपवाद वगळता, ती जागा ऑफिस म्हणून वापरताच येत नाही.

त्यांचा नियम जसाच्या तसा आपल्याकडे आणला तर लहान मालक आणि लहान भाडेकरू दोघेही मरतील. पण सात वर्षांच्या वसुलीचे तत्त्व कोणत्याही व्यापाऱ्याला पटेल असे आहे. जे काम स्वतःचा खर्च स्वतः फेडते, तेवढेच सांगा. जुन्या मार्केटला काचा बदलायला लावू नका. छत पांढरे करणे, जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे बदलणे, पश्चिमेला छज्जा किंवा ताडपत्री लावणे, एवढ्यापासून सुरुवात करा आणि त्यासाठी सोसायटीला सोप्या हप्त्याचे कर्ज द्या.

कारागिरांसाठी

ही बाब फक्त बिलाची नाही, रोजगाराचीही आहे. काचेची भिंत कारखान्यातून तयार येते. जागेवरच्या मिस्त्रीला तिच्यात काम थोडे. छज्जा, जाळी, झडप, छताची फरशी, पाइपांवरचे उष्णतारोधक वेष्टण, एअरकंडिशनरची सफाई आणि गॅसची गळती काढणे, ही सगळी हातांची कामे आहेत. आपल्या वस्त्यांत सुतार आहेत, अॅल्युमिनियमची कामे करणारे आहेत, वायरमन आहेत, एअरकंडिशनर दुरुस्त करणारी पोरे तर गल्लोगल्ली आहेत. नियम कडक होत जातील तसे या कामाला मागणी वाढेल.

पण काम त्यालाच मिळेल जो आकडा समजून सांगेल. दोन छज्जांतला फरक किती, एलईडीने किती युनिट वाचतात, एअरकंडिशनर दोन अंश वर ठेवला तर बिल किती उतरते. ब्युरोच्या हिशोबाने तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि 1 जानेवारी 2020 पासून तारे असलेले खोलीचे एअरकंडिशनर 24 अंशांवर लावूनच विकायचे असा नियम आहे. गिऱ्हाइकाला हे सांगणारा मेकॅनिक आणि नुसता गॅस भरून जाणारा मेकॅनिक, यांच्यात उद्या मोठा फरक पडणार आहे. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना इंग्रजीतली संहिता वाचताना घाम फुटतो, मग मिस्त्रीने काय करावे? सरकारला खरोखर नियम चालवायचा असेल, तर त्याचा सारांश मराठीत, हिंदीत, उर्दूत, चित्रांसह, कामाच्या जागेवर पोहोचला पाहिजे.

जागा घेण्यापूर्वी

तोपर्यंत आपण काय करावे? नवीन ऑफिस किंवा गाळा घेताना या पाच गोष्टी विचाराव्यात.

1. मोठी काच कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेला असेल तर बाहेरून सावली आहे का?

2. आधीच्या भाडेकरूची बारा महिन्यांची वीज बिले दाखवा. फक्त डिसेंबरचे एक बिल पाहून फसू नये.

3. इमारत ऊर्जा संहितेप्रमाणे मंजूर झाली आहे का? असेल तर कागद दाखवा.

4. एअरकंडिशनर सामाईक असेल तर त्याचा खर्च मीटरवर वाटतात की चौरस फुटावर? चौरस फुटावर वाटला, तर शेजाऱ्याच्या उधळपट्टीचे बिल आपण भरतो.

5. वरचा मजला असेल तर छतावर काय घातले आहे? दुपारी तीन वाजता स्वतः जाऊन उभे राहावे.

हे प्रश्न एकाने विचारले तर बिल्डर हसेल. एका बाजारातल्या पन्नास जणांनी विचारले तर पुढच्या इमारतीचा नकाशा बदलेल. आपल्या व्यापारी संघटना जकात, विक्रीकर, जीएसटी यांवर एकत्र आल्या. त्यांनी एक निवेदन यावरही द्यावे. महापालिकेने परवानगी देताना संहिता खरोखर तपासावी, भार मोजताना गाळ्यागाळ्याचे मीटर वेगळे न धरता इमारतीचा एकूण भार धरावा, आणि विजेचा आकडा दारावर लावावा, एवढ्या तीन मागण्या पुरेत.

दिल्लीत 2014 साली इंदिरा पर्यावरण भवन उभे राहिले. 930 किलोवॅटची सौर वीज वापरून वर्षभराची गरज जागेवरच भागवावी, असा त्याचा आराखडा होता. सरकारने स्वतःच्या मंत्रालयासाठी असा विचार केला हे चांगलेच झाले. पण ज्या इमारतीत लहान व्यापारी महिन्याच्या दहा तारखेला बिल हातात घेऊन बसतो, तिचाही विचार कोणी तरी केला पाहिजे. मालाचे माप विकताना घ्यायचे असते, माल फाटल्यावर नाही. इमारतीचे मापही नकाशावरच घेतले पाहिजे.